लाट, हाताने रंगवलेली

जुन्या जपानी ठसाचित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला विकत मिळतात हे कळलं, तेव्हा मला घेणाऱ्यापेक्षा रंगवणाऱ्याची जास्त काळजी वाटली. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, हिरोशिगेचा तो पुलावरचा पाऊस, बर्फाखालची ती झोपलेली गावं, ही चित्रं मुळात हाताने रंगवलेलीच नव्हती. ती छापलेली होती, आणि छापली अशासाठी, की कुणाला ती पुन्हापुन्हा रंगवत बसावं लागू नये. ठोकळा कोरायचा, रंग लावायचा, कागद ठेवायचा, घासायचा, उचलायचा, की पुढचा कागद. एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरातल्या माणसांनी दोनशे वर्षांपूर्वी एवढी अक्कल लढवून वाचवलेले कष्ट आज कुणीतरी ब्रश हातात घेऊन पुन्हा उपसतं. हाताने कळ्या पाडायचा कंटाळा आला म्हणून मोदकाचा साचा निघाला, हे कुणालाही पटेल. पण साच्यातला मोदक समोर ठेवून तस्साच मोदक हाताने वळायला बसायचं आणि वर विचारायचं, ‘अगदी साच्यातल्यासारखा झालाय ना?’ याला निराळाच स्वभाव लागतो. मला हा स्वभाव फार आवडतो. जगातली बरीचशी निरुपद्रवी कामं याच स्वभावाची माणसं करत असतात.

मात्र या माणसापुढची खरी अडचण पुढेच आहे. नक्कल करायची तर समोर अस्सल हवं. मोना लिसाची नक्कल करणाऱ्याला निदान पॅरिसला जाऊन, गर्दीत टाचा उंचावून, त्या बाईंचं एकदा दर्शन घेता येतं. होकुसाईच्या लाटेचं अस्सल बघायला कुठे जायचं? लंडनला आहे. बॉस्टनला आहे. न्यूयॉर्कच्या एकाच संग्रहालयात एकाहून अधिक आहेत. शंभराच्या वर जुन्या प्रती अभ्यासकांनी जगभरातून हुडकून काढल्या आहेत. त्या सगळ्या खऱ्या आहेत आणि त्यांतली एकही मूळ नाही.

मग मूळ, म्हणजे होकुसाईने स्वतःच्या हाताने कागदावर काढलेली लाट, गेली कुठे? ती लाकडात गेली. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेखाचित्र काढून देई. तो कागद चेरीच्या फळीवर उलटा, चित्राची बाजू खाली करून, खळीने चिकटवत. मागून चोळून चोळून तो इतका पातळ करत, की रेषा आरपार दिसावी. मग कोरणारा बसे आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाके, अर्थातच कागदासकट. ठोकळा पुरा होईतो चित्राचा भुगा झालेला असे. यात कुणाला काही वाईट वाटत नसे. चित्र होतं ते छापण्यासाठी, जपून ठेवण्यासाठी नव्हेच.

म्हणून होकुसाईच्या हातची अशी रेखाचित्रं टिकली, ती मुख्यतः जी छापली गेली नाहीत ती. ब्रिटिश म्युझियमने २०२० साली त्याची १०३ छोटी रेखाचित्रं विकत घेतली. जगातल्या यच्चयावत गोष्टींचा एक सचित्र ग्रंथ काढायचा बेत होता, त्यासाठी १८२९च्या सुमाराला त्याने ती काढली होती. ग्रंथ काही निघाला नाही, आणि चित्रं एका पेटीत सुखरूप राहिली. ज्यांची पुस्तकं प्रकाशकाकडे पडून आहेत अशा समस्त लेखकांनी ही हकिकत कापून पाकिटात ठेवावी.

बरं, होकुसाईची लाट म्हणताना आपण चौघांचं श्रेय एकाला देतो. पैसे घातले निशिमुराया योहाची या प्रकाशकाने. काय काढायचं, किती काढायचं, चाललं तर पुढे वाढवायचं का, हे सगळं त्याच्या गल्ल्यावर ठरणार. १८३०च्या सुमाराला सुरू झालेली ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ ही मालिका खपली, म्हणून तिच्यात आणखी दहा दृश्यं घातली. एकूण झाली ४६ आणि नाव राहिलं छत्तिसाचंच. कोरणाऱ्याने रेषा कोरली. छापणाऱ्याने रंग लावला, आणि हा लावला म्हणजे नुसता फासला नव्हे. क्षितिजाजवळ रंग गडद होऊन वर विरत जातो ना, ती विरण्याची किमया ठोकळ्यात कुठेच नसते. छापणारा दर खेपेला ओल्या फळीवर हाताने रंग पुसत, पसरवत ती आणतो. मग बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल गादीने कागद पाठीमागून घासतो. या तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचं नाव लाटेवर नाही.

चित्रकाराला मात्र या मंडळींशी झगडावं लागे. होकुसाई स्वतः पोरवयात काही वर्षं ठोकळे कोरायच्या धंद्यात होता, त्यामुळे त्याला फसवणं अवघड. म्हातारपणी त्याने प्रकाशकाला कळवलं होतं, की मी डोळ्याला खालची पापणी काढत नाही तेव्हा कोरणाऱ्याने ती आपल्या मनाने घालू नये, आणि नाकं माझीच ठेवावीत. बाजारात उतागावा घराण्याच्या चित्रकारांची नाकं चलनात होती आणि कोरणाऱ्याच्या हाताला तेच वळण पडलं होतं. पत्रात त्याने नमुन्यादाखल नाकंही काढून दाखवली. एवढ्या मोठ्या चित्रकाराला स्वतःचं नाक शाबूत राखण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो, हे वाचून मला प्रूफं तपासतानाचा माझा संताप फारच किरकोळ वाटू लागला.

तर आता आपला नक्कलकार. त्याच्या टेबलावर एखादं पुस्तक आहे, नाहीतर पडद्यावर एक फोटो आहे. त्या फोटोतलं आकाश भुरकट पिवळसर, तेव्हा तो मन लावून भुरकट पिवळसर रंग कालवतो. मूळच्या लाटेमागे आकाशात फिक्या गुलाबी ढगाची एक छटा होती. उजेडाने ती बहुतेक प्रतींतून उडून गेली, काहींत अजून जेमतेम दिसते. म्हणजे आपला गडी उडालेला रंग काळजीपूर्वक रंगवतो आहे! कागदाला आलेला तांबूसपणाही तो टिपतो, आणि फारच प्रामाणिक असेल तर मधली घडीची रेघसुद्धा.

‘छत्तीस दृश्यां’मधल्याच तांबड्या फुजीची तऱ्हा आणखी गमतीची. पोस्टरवरून सगळ्यांना ठाऊक असलेला तो विटकरी-तांबडा डोंगर ही पुढच्या छपाईची कर्तबगारी असावी. फार आधीच्या म्हणून ज्या थोड्या प्रती ओळखल्या जातात त्यांत डोंगर हलका, गुलाबीसर आहे. होकुसाईच्या मनातला डोंगर कोणता म्हणायचा? हिरोशिगेच्या कांबारा गावच्या रात्रीच्या बर्फात एका छपाईत आकाश वरच्या कडेला काळवंडलेलं आहे आणि दुसऱ्या छपाईत ते वरून उजळत खाली काळं होत येतं. छापणाऱ्याने फडकं वर फिरवायचं ते खाली फिरवलं आणि रात्रच बदलली. गंमत म्हणजे कांबाराची हवा उबदार, तिथे असा बर्फ सहसा पडतच नाही. हिरोशिगेला त्या पानावर बर्फ हवा होता, म्हणून तो पडला.

हिरोशिगेबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण तो नोकरी करून चित्रं काढणारा माणूस. घराण्यातून आलेली आग विझवणाऱ्या दलातली अधिकाऱ्याची जागा तो पोरवयापासून सांभाळत होता. एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो मार्गावरच्या ५३ मुक्कामांची त्याची मालिका १८३३-३४ साली निघाली. (चित्रं ५५ आहेत, कारण निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण कुठल्याच प्रवासी माणसाला सोडवत नाही.) सरकारी लवाजम्याबरोबर तो या रस्त्याने प्रत्यक्ष जाऊन आला असं सांगतात, आणि अभ्यासक त्यावर शंका काढतात. काही झालं तरी ठिकाणठिकाणच्या प्रवास-मार्गदर्शक पुस्तकांतली चित्रं त्याने बिनदिक्कत वापरली, एवढं नक्की. म्हणजे आज हिरोशिगेची नक्कल करणाऱ्याच्या पुढ्यात जे चित्र आहे, ते काही ठिकाणी आधीच दुसऱ्या कुणाच्या चित्रावरून घेतलेलं. होकुसाईही काही मागे नव्हता. त्याने १८०५च्या आसपासच, लाटेत सापडलेल्या मालवाहू होड्या काढून ठेवल्या होत्या. ती लाट जड, गोळ्यासारखी आहे. पंचवीसेक वर्षं त्याने स्वतःचीच नक्कल करत करत तिला नखं फोडली. सत्तरीच्या आधी काढलेलं काही ध्यानात घेण्याजोगं नाही, एकशे दहाव्या वर्षी मात्र माझा ठिपका न् ठिपका जिवंत होईल, असं त्याने १८३४च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. लाट काढली तेव्हा तो नुकता सत्तरीत शिरला होता. त्याच्या हिशेबाने बोहनी झाली होती, इतकंच.

आणि पुढे १८५८ साली हिरोशिगेने सात्ताच्या समुद्राची लाट काढली, ती बघून कुणीही सांगेल, ही कुणाची.

हाताने नक्कल करण्याच्या या पंथाचे आद्यगुरू मात्र जपानी नव्हेत, डच आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग पॅरिसमध्ये राहत असताना तिथल्या झिगफ्रीड बिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर जपानी ठसाचित्रांचे ढीग पडलेले असत. व्हॅन गॉग तिथे तासन्‌तास उपसत बसे आणि स्वस्तात गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन येई. हेतू अगदी व्यवहारी होता. ती विकून चार पैसे करायचे. त्यासाठी १८८७ साली त्याने एका कॅफेत प्रदर्शनही मांडलं. धंदा जमला नाही, हे वेगळं सांगायला नको. बरीचशी चित्रं घरातच राहिली, आणि त्याच्या व त्याच्या भावाच्या संग्रहातली पाचशेच्या आसपास आज ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत.

त्याच वर्षी त्याने हिरोशिगेची दोन चित्रं तैलरंगात उतरवली. एक कामेइदोची प्लमची बाग, दुसरं पुलावरचा अचानक आलेला पाऊस. बागेच्या चित्रावर त्याने पातळ कागद ठेवून रेषा गिरवल्या, मग चौकटी आखल्या, आणि चौकटी मोजून मोजून ते कॅनव्हासवर मोठं केलं. हा गिरवलेला कागद अजून आहे. ज्याच्या नावावर आपण वेडाचे झटके, पेटलेलं आकाश आणि कापलेला कान एवढंच जमा करतो, तो माणूस पट्टी-पेन्सिल घेऊन शाळकरी मुलासारख्या चौकटी आखत होता, हे मला त्याच्या सगळ्या चरित्रांपेक्षा जवळचं वाटतं.

चौकटी संपल्यावर मात्र हात सुटला. हिरोशिगेच्या झाडाचं खोड काळं-करडं आहे; याच्या खोडात तांबडे आणि निळे रंग शिरले. ठसाचित्र उंच आणि अरुंद, कॅनव्हासचं माप वेगळं, तेव्हा कडेला पट्टे उरले. ते मोकळे कसे ठेवायचे? त्याने दुसऱ्या ठसाचित्रांवरून जपानी अक्षरं उचलून त्या पट्ट्यांत रंगवली. त्याला जपानी वाचता येत नव्हतं. त्या अक्षरांचा त्या बागेशी किंवा पुलाशी काडीचा संबंध नाही. एखाद्या परदेशी माणसाने वारीचं चित्र काढून त्याच्या चौकटीत ‘येथे पिठाची गिरणी चालू आहे’ असं सुबक देवनागरीत लिहावं आणि ते जगातल्या मोठ्या संग्रहालयात लागावं, त्यातला प्रकार.

पण त्याचा पाऊस बघा आणि मग हिरोशिगेचा पाऊस बघा. हिरोशिगेच्या चित्रात पाऊस म्हणजे केसासारख्या बारीक, सरळ, तिरप्या रेघा. तो दोन ठोकळ्यांवरून छापला आहे. एकावरच्या रेघा जरा गडद, दुसऱ्यावरच्या फिक्या, आणि दोन्हींचा तिरपेपणा किंचित वेगळा. त्यामुळे रेघा एकमेकींना छेदतात आणि सर कोसळल्यासारखी वाटते. लाकडात ही रेघ काढायची तर ती शिल्लक ठेवावी लागते. आजूबाजूचं सगळं लाकूड खरवडून काढायचं आणि मध्ये सुतासारखा एक उंचवटा न मोडता राहू द्यायचा. कोरणाऱ्याने हे केलं, कसं केलं ते त्यालाच माहीत. ब्रशने काढणाऱ्याला काम उलट. त्याला प्रत्येक रेघ नव्याने ओढायची, एका दमात, हात न थरथरता, आणि ती ओढताना मागचा ओला पूल, ओली नदी, डोक्यावर चटई घेऊन पळणारी माणसं यांना धक्का लागू द्यायचा नाही. व्हॅन गॉगने हा नाद सोडून दिला. त्याचा पाऊस जाडसर आहे, नदी हिरवी होऊन ढवळून निघाली आहे. हिरोशिगेचा पूल भिजतो तो छपाईतल्या शिस्तीने. याचा पूल खरोखरच ओलाचिंब झाला आहे. नक्कल फसली म्हणावं, तर मग बरोबर कशाला म्हणायचं ते कळेनासं होतं.

आजच्या काळात या पंथाचं मुख्य पीठ चीनमध्ये आहे. शेंझेन शहरातलं दाफेन हे गाव. १९८९ साली हाँगकाँगचा हुआंग जियांग नावाचा चित्रकार-व्यापारी थोडे कारागीर घेऊन तिथे आला, आणि पुढे ते हजारो नक्कलकारांचं गाव झालं. व्हॅन गॉगची सूर्यफुलं तिथून जगभर जातात. घाऊक मागणी आली, की काही कारखान्यांत कॅनव्हास ओळीने टांगतात. एकजण सगळ्यांची आकाशं रंगवत जातो, त्याच्यामागून दुसरा झाडं, तिसरा माणसं. नाकं मुरडणाऱ्यांना यात कलेचा अधःपात दिसतो. मला त्यात निशिमुरायाचं दुकान दिसतं. पैसे घालणारा एक, रेषेचा एक, रंगाचा एक, आणि माल वेळेत गेला पाहिजे. व्हॅन गॉगने हिरोशिगेची हाताने नक्कल केली. दाफेनमध्ये व्हॅन गॉगची हाताने नक्कल करताना माणसांनी नकळत हिरोशिगेच्या छपाईची वाटणी उचलली. हा हिशेब कुणी मुद्दाम जुळवला असता तर इतका जुळला नसता.

आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर अशीच हाताने रंगवलेली लाट आहे. कुणीतरी परदेशातून नळीत गुंडाळून आणून भेट दिलेली, चांगली सोफ्याएवढी लांब. अस्सल लाट जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंच आणि सदतीस रुंद, मांडीवर धरून बघायची वस्तू. पण भिंती मोठ्या झाल्या, त्याला कोण काय करणार. काम झकास आहे. फेस जाडजूड, हात फिरवला तर लागेल असा. निळाई पण खरी, डोळ्यांत भरणारी. ती प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये, म्हणे, चुकून सापडली, समुद्रमार्गे जपानात पोचली, तिथे स्वस्त झाल्यावर होकुसाईने आणि त्याच्या प्रकाशकाने तिचा सपाटा लावला. म्हणजे ज्या निळ्याला जग जपानी निळा समजतं तो जर्मन.

मी चहा घेता घेता लाटेकडे पाहत होतो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं. होड्या होत्या, होड्यांत माणसं नव्हती.

मूळ चित्रात तीन होड्या आहेत. ताजी मासळी एदोला पोचवणाऱ्या, लांब, चपळ होड्या. प्रत्येकीत वल्ही मारणाऱ्यांची रांग, आणि सगळ्यांची डोकी खाली, होडीच्या काठाला अंग चिकटवून. सगळे मिळून तीसेक तरी असतील. वर ती नखं काढलेली लाट. आणि मागे, लाटेच्या खळग्यात, इवलासा फुजी, की तोही घाईत बघणाऱ्याला एक लाटच वाटावा. या नक्कलकाराने होड्या मोठ्या निगुतीने काढल्या होत्या, पिवळ्या, टोकदार, केळीसारख्या. माणसं वगळली. बहुधा ज्या फोटोवरून त्याने काढलं त्यात ती दिसलीच नसावीत. किंवा त्याला दया आली असेल. स्नेह्यांना मी काही बोललो नाही. वहिनींनी मात्र हसत विचारलं, “काय भाऊजी, एवढं काय बघताय? बोटी मोजताय का?” मी हो म्हणालो. पुढे एकदा गप्पांत विषय निघाला, तेव्हा कळलं की त्यांच्या घरातल्या कुणालाच त्या होड्यांत कधी माणसं असतात हे माहीत नव्हतं. मग मी फोनवर मूळ चित्र काढून दाखवलं. त्यांचा नातू ते मोठं करून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “आजोबा, ह्यांना सुट्टी नव्हती का?”

नकलेचा विषय निघाला की मराठी माणसाला अजिंठा आठवणं भागच आहे. शिवाय इथे जपानशी धागाही सरळ जुळतो. १९१६ साली रवींद्रनाथ जपानात होते. शिमोमुरा कान्झान या चित्रकाराचं एक चित्र त्यांना इतकं आवडलं, की त्याची नक्कल हवी म्हणाले. ती करून दिली अराई काम्पो या चित्रकाराने. नक्कल बघून खूश होऊन रवींद्रनाथांनी त्याला भारतात बोलावलं. तो आला, कलकत्त्यात शिकवलं, आणि मग अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करू लागला.

त्या लेण्यांना नकला काही नव्या नव्हत्या. आधी रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून तिथे वर्षानुवर्षं राहून तैलरंगात नकला करत होता. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन गेले, १८७२ पासून तेरा वर्षं हंगामाहंगामाने राबले, नकला लंडनला रवाना केल्या. त्यांतल्या बऱ्याचशा १८८५च्या आगीत गेल्या. अराई काम्पोने आपल्या नकला टोकियोला नेल्या. १९२३ साली टोकियोचा मोठा भूकंप झाला, शहर पेटलं, त्यात त्याही गेल्या. त्याच आगीत वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाचे ठोकळे जळाले आणि त्याच्यासाठी निसर्गचित्रं काढणाऱ्या कावासे हासुईच्या साऱ्या रेखाटनवह्याही. एदोची आग विझवणाऱ्या हिरोशिगेच्या शहराने आगीचा हिशेब कधी पुरा केला नाही. आणि इकडे वाघूर नदीच्या वळणावर मूळ भिंती आपल्या जागी, ओल, वटवाघळं आणि पर्यटक सोशीत उभ्याच.

अराई काम्पोचं पुढे आणखी एक काम होतं. जपानातल्या होर्युजी या प्राचीन बौद्ध मठात भित्तिचित्रं होती, अजिंठ्याच्या पद्मपाणीशी ज्यांचं नातं अभ्यासक सांगतात ती. मूळ खराब होत चालली म्हणून १९४० पासून तिथे नकला करायचं मोठं काम निघालं, आणि त्याच्या एका तुकडीचा प्रमुख काम्पो होता. काम संपायच्या आतच, १९४५ साली, तो वारला. काम चालूच राहिलं. २६ जानेवारी १९४९ला पहाटे त्या दालनाला आग लागली. नकला करणारे चित्रकार थंडीत ऊब म्हणून विजेवर तापणारी गादी वापरत, तिच्यातून ती लागली असावी, हा प्रसिद्ध तर्क आहे. भिंती काळ्याठिक्कर पडल्या. नकला होत्या म्हणून पुढे १९६०च्या दशकात चित्रकारांना ती चित्रं पुन्हा भिंतीवर आणता आली. मूळ वाचवण्यासाठी नक्कल करायला जावं आणि त्या नादात मूळच जावं, यावर हसावं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. जपान्यांनी त्या तारखेला देशभर जुन्या वास्तूंत आग विझवण्याची कवायत सुरू केली. हिरोशिगेच्या जातीची माणसं ती.

होर्युजी स्थापन करणारा राजपुत्र शोतोकु पुढे नकलेच्या दुसऱ्याच भानगडीत सापडला. १९५० साली निघालेल्या हजार येनच्या नोटेवर त्याची छबी होती. १९६३ साली अकासेगावा गेनपेई या तरुण चित्रकाराने त्या नोटेच्या दोन नकला केल्या. एक छापखान्यात जाऊन छापून घेतली, एकाच बाजूला, एकाच रंगात, आणि पाठीमागे आपल्या प्रदर्शनाचं आमंत्रण. दुसरी हाताने काढली, भलीमोठी, नोटेवरची नक्षी न् नक्षी भिंगातून बघत बघत. पोलीस आले. खटला १९६६ साली उभा राहिला. बचावासाठी मित्रमंडळींनी आपल्या कलाकृतीच कोर्टात मांडल्या, आणि न्यायमूर्तींना कामकाज थांबवून एक अख्खं प्रदर्शन बघावं लागलं. १९६७ साली तीन महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षा झाली ती छापलेल्या नोटेबद्दल, आणि बिचारे छापणारेही तिच्यात ओढले गेले. लाटेवर ज्यांचं नाव नाही त्यांच्या वंशजांचं नाव निदान कोर्टाच्या कागदावर तरी आलं. महिनोन्‌महिने खपून हाताने काढलेली ती भलीमोठी नोट मात्र कुणाला खोटी नोट वाटली नाही.

जुलै २०२४ मध्ये जपानने हजार येनची नवी नोट काढली. पुढच्या बाजूला जंतुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो, आणि मागच्या बाजूला होकुसाईची लाट. एदोमध्ये ती सोबा नावाच्या शेवयांच्या दोन वाट्यांच्या भावात मिळायची. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिच्या एका जुन्या प्रतीला साडेसत्तावीस लाख डॉलरच्या वर किंमत आली. आता ती पुन्हा सोब्याच्या भावावर आली आहे, टोकियोत हजार येनमध्ये एक बरी वाटी येते. ज्यांना या नव्या लाटेची नक्कल करायचा मोह होईल, त्यांनी अकासेगावांचा अनुभव लक्षात घेऊन ती हाताने रंगवावी, सोफ्याएवढी करावी, आणि होड्यांतली तीस माणसं मोजून काढावीत.